काट्याचं तोंड कुणाकडे?

संध्याकाळी सातच्या सुमाराला डोंबिवली स्टेशनातून पूर्वेकडे उतरलं की एकच पुकार कानावर येत राहतो, "वीस रुपये पाव, वीस रुपये पाव!" गाडीतून उतरलेल्या बायका उर्सेकरवाडीच्या, फडके रोडच्या दिशेने चालता चालताच भेंडीचा ढीग चाळतात. चार भेंड्यांची टोकं मोडून बघतात, मूठ-मूठ उचलून भाजीवाल्याच्या पारड्यात टाकतात आणि नजर काट्यावर ठेवतात. काट्यावर लाल आकडा चढत जातो, २१०, २३५, २६५. भाजीवाला तेवढ्यावर थांबतो, एखादी मिरची, दोन काड्या कोथिंबीर वर टाकतो आणि भाजी पिशवीत जाते. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटात उरकतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात वजन दोघांनीही पाहिलेलं असतं.

तीच बाई शनिवारी ठाण्यात घोडबंदर रोडला, कल्याणात खडकपाड्याला किंवा पलावाला मोठ्या दुकानात जाते. दुकान थंडगार, भाजी धुतलेली, रचून ठेवलेली, दराची पाटी ठळक. भाजी आपल्या हाताने निवडायची, पिशवीत भरायची. पण किती भरायची? पाव किलो भेंडी म्हणजे पिशवीत कुठपर्यंत? आजूबाजूला काटा कुठेच दिसत नाही. तो असतो दूर, एका कोपऱ्यात किंवा थेट बिलाच्या टेबलावर. तिथे रांग. कर्मचारी पिशवी ठेवतो, दोन बटणं दाबतो, चिकटपट्टी निघते. वजन कळतं ते त्या चिकटपट्टीवर: ४१० ग्रॅम. पाव किलो हवी होती. आता परत जाऊन काढून आणायची तर पुन्हा रांग, मागचे लोक बघताहेत, कर्मचाऱ्यालाही घाई. बहुतेक जण भिडेखातर "असू दे" म्हणतात आणि पुढे सरकतात.

हे "असू दे" महिन्यातून किती वेळा होतं आणि त्याची किंमत किती, हा या लेखाचा विषय आहे. फसवणूक हा त्यातला एक भाग झाला. त्याहून मोठी गोष्ट ही की, वजनावर विकल्या जाणाऱ्या वस्तूचं वजन घेणाऱ्याला आधी कळत नसेल, तर आपण किती रुपयांचा माल घेतोय हेच त्याला ठाऊक नसतं. पाकिटात मोजके दोनशे रुपये घेऊन आलेल्या निवृत्त माणसाला हा फरक चांगलाच जाणवतो.

जुन्या बाजारात ही अडचण फारशी नव्हती, कारण तिथे निम्मा माल वजनावर विकलाच जात नसे. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा कल्याणच्या लक्ष्मी मार्केटात आजही फेरी मारली तर हे दिसतं. पालक, मेथी, शेपू जुडीने. नारळ, कोबी, मक्याचं कणीस नगाने. केळी आणि हापूस डझनाने. लिंबं दहाला किती, असा भाव. पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडून आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी घेऊन येतात तेव्हा त्यांच्यासमोर पानावर मांडलेले असतात वाटे. मासळी बाजारातही तेच: कोळंबीचा वाटा, बोंबलांचा वाटा, पापलेट नगावर. वाटा बघायचा, शेजारचा वाटा बघायचा, घासाघीस करायची, "अजून दोन घाल" म्हणायचं. इथे डोळा हाच काटा होता. घरातल्या चार माणसांना मेथीच्या दोन जुड्या लागतात, हे आईकडून मुलीकडे आलेलं माप होतं. त्याला ग्रॅम लागत नव्हते.

मोठ्या दुकानांनी यातलं जवळजवळ सगळं किलोवर आणलं. केळी किलोने, आंबा किलोने, कोबी किलोने, कलिंगड किलोने. दुकानदाराच्या दृष्टीने ते सोयीचं आहे, हिशेब एकसारखा राहतो, आणि एका परीने न्याय्यही आहे, कारण लहान-मोठ्या नगाला एकच भाव लावावा लागत नाही. पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यातलं माप त्यामुळे निकामी झालं. एक डझन केळी किती लागतात हे त्याला माहीत आहे. सव्वा किलो केळी म्हणजे किती, हे नाही. मध्यम कोबी हातात घेतला तर तो सातशे ग्रॅमचा आहे की अकराशेचा, हे सांगायला रोज कोबी विकणाराच हवा. म्हणजे ज्या दुकानांत काट्याची गरज सर्वांत जास्त आहे, तिथेच तो गिऱ्हाइकापासून सर्वांत लांब आहे.

मराठी भाषेत या काट्याभोवतीची सावधगिरी पिढ्यान्‌पिढ्या साठलेली आहे. दोन पारड्यांच्या तागडीत एक पारडं किंचित हलकं असेल तर ते समतोल करायला त्यात जो खडा, चिंधी किंवा लोखंडाचा तुकडा टाकत, तो पासंग. त्यावरूनच एखादा दुसऱ्याच्या "पासंगालाही पुरत नाही" असं आपण म्हणतो. तागडी उचलण्याआधी पारडी रिकामी करून दाखवणं ही सचोटीची खूण होती. माल टाकल्यावर दांडी थोडी गिऱ्हाइकाच्या बाजूने कलली तर ते झुकतं माप. कमी तोललं तर "काटा मारला". ऊस कारखान्यांच्या गळीत हंगामात शेतकरी संघटना ज्या "काटामारी"विरुद्ध बोलतात, तोही हाच शब्द, फक्त तिथे भेंडीच्या जागी उसाने भरलेली ट्रॉली असते. "मापात पाप" हे दोन शब्द तर वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत वर्षातून दोन-चारदा तरी येतात. पारडं, माप, काटा, पासंग या चार शब्दांनी आपल्या बोलण्यात न्याय-अन्यायाचा बराच भार उचललेला आहे.

सत्तेला या गोष्टीचं महत्त्व फार पूर्वीच कळलं होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. व्यापाऱ्यांची वजनं-मापं दर चार महिन्यांनी तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा आणि बिनशिक्क्याची वापरणाऱ्याला सव्वासत्तावीस पण दंड करावा, असं तो सांगतो. आज आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वर्षातून एकदा आणि लोखंडी वजनांची दोन वर्षांतून एकदा होते. कौटिल्याचा कारभार निदान कागदावर तरी अधिक कडक होता.

मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. त्याआधी गावागावाचा शेर वेगळा असे. पुढे ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर प्रमाण ठरला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने देशाने दशमान पद्धत स्वीकारली. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो आणि ग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आले, आणि १९६२ पर्यंत शेर आणि मण कायद्याने बाद झाले. जिभेवरून मात्र ते गेले नाहीत. डोंबिवलीत आजही पाव किलोला सर्रास पावशेर म्हणतात. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा होता, आजचा "पावशेर" अडीचशेचा. नावात जुनं माप राहिलं, पारड्यात सतरा ग्रॅम वाढले.

आता त्या लाल आकड्यामागे काय असतं ते पाहू.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल जपून ठेवलेला आहे. पॅरिसजवळच्या मूळ किलोग्रॅमची ही भारताला मिळालेली प्रत, क्रमांक ५७. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची जागतिक व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून उठून प्लँकच्या स्थिरांकावर गेली, तरी देशातल्या वजनांची उतरंड तीच आहे. राष्ट्रीय प्रमाणावरून अहमदाबादसारख्या प्रादेशिक प्रयोगशाळांतली संदर्भ वजनं तपासली जातात, त्यांवरून राज्यांची दुय्यम प्रमाणं, त्यांवरून निरीक्षकाच्या पेटीतली कामाची वजनं, आणि त्या पेटीतल्या वजनांवरून हातगाडीवरचा काटा. राज्यात हे काम अन्न व नागरी पुरवठा विभागाखालची वैध मापन शास्त्र यंत्रणा करते. म्हणजे कल्याणच्या शिवाजी चौकात तोललेल्या अर्धा किलो टोमॅटोचं नातं, चार-पाच पायऱ्या वर चढून, त्या दिल्लीच्या ठोकळ्याशी लागतं. ही साखळी शेवटच्या कडीपर्यंत शाबूत राहावी म्हणून सरकार एवढा खर्च करतं, आणि शेवटच्या कडीला, जिथे गिऱ्हाईक उभं आहे, तिथे काट्याचं तोंड भलतीकडेच असतं.

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात अॅल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, त्याला लोड सेल म्हणतात. वर वजन पडलं की हा ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो. त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांच्या पट्ट्या ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचं भाषांतर आकड्यात होतं. यंत्र साधं आणि भरवशाचं आहे. गडबड होते ती बहुधा दोन ठिकाणी. पहिली, माल ठेवण्याआधी आकडा शून्यावर होता का? दुसरी, टोपली किंवा पिशवी ज्यात भाजी तोलली तिचं वजन वजा केलं का? त्यासाठी काट्यावर "टेअर" नावाचं बटण असतं. रिकामी टोपली ठेवून ते दाबलं की टोपली हिशेबातून बाहेर जाते. दाबायचं राहिलं तर टोपलीचे ग्रॅम भेंडीच्या भावाने विकले जातात. पडताळणी झालेला काटा उघडून त्याची जुळणी बदलता येऊ नये म्हणून त्यावर सील असतं. ते तुटलेलं दिसलं तर बाकी काही तपासण्याची गरजच नाही.

प्रत्येक काट्यावर धातूची किंवा छापील एक पट्टी असते. तिच्यावर तीन आकडे असतात: जास्तीत जास्त वजन, कमीत कमी वजन आणि एक भाग किती ग्रॅमचा. दुकानांत सर्रास दिसणारा तीस किलोचा काटा पाच ग्रॅमच्या भागाचा असतो. अचूकतेच्या तिसऱ्या वर्गातल्या या काट्याला कायद्याने काही चूक माफ आहे. अडीच किलोपर्यंतच्या मालाला पडताळणीच्या वेळी अडीच ग्रॅम इकडे-तिकडे, रोजच्या वापरात त्याच्या दुप्पट. किलोभर बटाट्यात पाच ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण याच वर्गाच्या काट्यावर कमीत कमी वजन वीस भागांचं धरतात, म्हणजे पाच ग्रॅमच्या काट्यावर शंभर ग्रॅम. त्याखालचं तोलण्यासाठी तो काटा बनवलेलाच नाही. पन्नास ग्रॅम आलं किंवा लसूण अशा काट्यावर तोलला तर पाच ग्रॅमचा फरक दहा टक्क्यांचा होतो. लसूण महागतो तेव्हा हा हिशेब भाजीवाल्यापेक्षा गिऱ्हाइकालाच जास्त छळतो, कारण लसूण पन्नास आणि शंभर ग्रॅमच्या मापानेच घेतला जातो.

थोडं थोडं घेणाऱ्यांना याचा चटका जास्त बसतो. पाव किलोमागे दहा ग्रॅम कमी आले तर ते चार टक्के. रोज शंभर रुपयांची भाजी घेणाऱ्या घरात हे रोजचे चार रुपये, वर्षाचे १,४६० होतात. यात कुणी ठरवून लुबाडलेलंही नसेल. टोपली वजा करायची राहिली, आकडा स्थिर होण्याआधी वाचला, एवढंच. पण महिन्याचा किराणा पाच-पाच किलोंनी भरणाऱ्याला जे जाणवतही नाही, ते रोज पावशेराने घेणाऱ्याच्या घरी महिनाअखेरीला नेमकं कमी पडतं.

इथे एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. गिऱ्हाइकासाठी दुकानात वेगळा काटा ठेवण्याचा नियम आपल्याकडे आधीपासून आहे. वैध मापन शास्त्र कायदा २००९ चा, तो अमलात आला १ एप्रिल २०११ ला. त्याखालच्या आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत, नियम १८ मध्ये, त्या वेळच्या मूल्यवर्धित कराच्या किंवा उलाढाल कराच्या कक्षेतल्या किरकोळ दुकानदारांवर ही जबाबदारी टाकलेली आहे. वजनाने किंवा घनफळाने विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद वस्तू ठेवणाऱ्या अशा दुकानदाराने किमान तिसऱ्या वर्गाचा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, छापील पावती देणारा इलेक्ट्रॉनिक काटा दुकानात ठळक जागी ठेवायचा, आणि घेतलेल्या पाकिटाचं वजन गिऱ्हाइकाला त्यावर फुकट तपासू द्यायचं. शब्द अगदी स्वच्छ आहेत: ठळक जागी, विनामूल्य, ग्राहकाच्या सोयीसाठी.

ठाण्यातल्या किंवा कल्याण-डोंबिवलीतल्या मोठ्या दुकानांत जाऊन असा काटा शोधून पाहावा. काही ठिकाणी तो आहेही, सामानाच्या खोक्यांआड, बंद, वर धूळ. काही ठिकाणी "काटा कुठे आहे?" हा प्रश्नच कर्मचाऱ्याला नवा वाटतो. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून दुकान ठेवत नाही, आणि दुकानात दिसत नाही म्हणून गिऱ्हाइकाला विचारायचं सुचत नाही. हे चक्र पहिल्यांदा कुणी तोडायचं, तर ते दुकानानेच, कारण नियम त्याच्यासाठी आहे.

हा नियम पाकीटबंद मालाचा आहे. मग सुट्या भेंडीचं काय? तिच्यासाठी वेगळं तत्त्व आहे. लोकांना थेट माल विकण्यासाठी जो काटा वापरला जातो, त्याचे आकडे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकाच वेळी, स्पष्ट दिसले पाहिजेत, ही आंतरराष्ट्रीय वैध मापन संघटनेच्या शिफारशींतली मूलभूत अट आहे. म्हणूनच चांगल्या काट्याला दोन्ही बाजूंना आकडे असतात. हातगाडीवरचे साधे काटेही बहुधा तसेच असतात. पण दुकानात काटा भिंतीला लावून ठेवला, मागच्या आकड्यांपुढे पिशव्यांचा गठ्ठा रचला की दुसरी बाजू असून नसल्यासारखी. यंत्राने अट पाळली, मांडणीने ती पुसून टाकली.

इतर ठिकाणी आपण हा हक्क सहज मान्य केलेला आहे. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं आणि शंका आली तर गिऱ्हाईक त्यात तेल मोजून मागू शकतं. गॅसचा सिलिंडर घरी आणणाऱ्याने काटा बरोबर बाळगायचा, १४.२ किलो गॅस आणि सिलिंडरवर छापलेलं रिकामं वजन यांची बेरीज दारातच दाखवायची, असा तेल कंपन्यांचा दंडक आहे. आकड्यावर आंधळा विश्वास का ठेवू नये, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यभर पेट्रोल पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात इलेक्ट्रॉनिक छेडछाड करून कमी तेल दिलं जात असल्याची प्रकरणं उघड झाली होती. समोरचा आकडा पूर्ण दिसत होता, टाकीत तेल कमी पडत होतं. त्या वेळी उपयोगी पडलं ते वेगळं, स्वतंत्र माप. दुकानातल्या दुसऱ्या काट्याचं कामही तेच आहे. ज्या काट्यावर माल विकला, त्याच काट्यावर तपासून काही कळत नाही.

परदेशात या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं सापडतात. इटलीत गिऱ्हाईक हातात पातळ मोजा घालून फळं निवडतं, तिथल्याच काट्यावर ठेवतं, फळाचा क्रमांक दाबतं आणि निघालेली चिकटपट्टी स्वतः पिशवीवर लावतं. वजन आणि रुपये, म्हणजे युरो, रांगेत जाण्याआधी त्याच्या हातात असतात. अमेरिकेतल्या किराणा दुकानांत भाजीच्या मांडणीवर साखळीने टांगलेला गोल तबकडीचा काटा पूर्वीपासून ओळखीचा आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतली मंडळी भेंडी-कारली पौंडात मोजतात ती बऱ्याचदा अशाच तबकडीवर. तो काटा फक्त अंदाजासाठी असतो, खरा हिशेब बिलाच्या टेबलावर होतो. पण अंदाजासाठी असला तरी "असू दे"ची वेळ तो येऊ देत नाही.

आपल्याकडे अशा काट्याला मोठा खर्च लागतो असंही नाही. भाजीच्या रॅकशेजारी दीड-दोन फूट जागा, एक वीजजोडणी आणि वर्षातून एकदा पडताळणी. पाकीटबंद मालासाठी नियमाने जो काटा ठेवायचाच आहे, तोच भाजीच्या विभागात आणला तर एका काट्यात दोन्ही कामं होतील.

दुकानं मात्र दुसऱ्या दिशेने निघालेली दिसतात. सुटी भाजी कमी करून थर्माकोलच्या ताटलीत प्लॅस्टिक ताणून भाजी बांधून ठेवायची, वर वजन आणि किंमत छापायची. निवड गेली, पण वजन आधी कळतं, हा त्यातला फायदा मान्य करायला हवा. अशा पाकिटावरचं वजन ताटली-प्लॅस्टिक सोडून, निव्वळ भाजीचंच असलं पाहिजे. १८ जुलै २०२२ पासून बांधून लेबल लावलेल्या धान्य-पिठांवर जीएसटी आला तेव्हा सुटं आणि पाकीटबंद यांतली रेघ याच वजनमापाच्या कायद्यातल्या व्याख्येवरून ओढली गेली. म्हणजे एखादी वस्तू पिशवीत कशी बसवली, यावर तिचा करही ठरू लागला. मोबाइलवरून मागवलेल्या भाजीपुढे "४५० ते ५०० ग्रॅम" असं लिहिलेलं असतं. भाजी नैसर्गिक आहे, तुकडा अचूक निघणार नाही, हे खरं. पण किंमत ५०० ची आणि पिशवी बहुतेक वेळा ४५० च्या जवळ, असं घडत असेल तर ते घरच्या छोट्या काट्यावर महिनाभर लिहून ठेवावं. चार-पाच नोंदी झाल्या की तक्रारीला पुरावा तयार होतो.

स्टेशनाबाहेर निवडलेल्या, चिरलेल्या भाजीची जी पाकिटं मिळतात, त्यांवर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. नोकरीवरून परतणाऱ्या बाईसाठी ती पाकिटं म्हणजे वाचलेला अर्धा तास आहे, आणि ती करणाऱ्या बायकांसाठी घरखर्च. त्यांच्यावर पहिला बडगा उगारण्यात अर्थ नाही. दंडाचा आणि तपासणीचा भार आधी त्यांच्यावर पडावा, ज्यांच्याकडे जागा, वीज आणि हिशेबनीस सगळं आहे.

संघटित गिऱ्हाइकाचा अनुभव या भागाला नवा नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचं सामान एकत्र घेण्याची पद्धत रुजवली, ती ठाणे जिल्ह्यातही पसरली. महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी एकाच्या घरी सामान उतरायचं, सभासदांनी मिळून वाटप करायचं. अशा घरातल्या माणसाला काट्यापुढे उभं राहायचा संकोच उरत नाही. आज सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर शेतकऱ्यांकडून थेट भाजी मागवली जाते तेव्हाही हीच सवय कामी येते. वॉचमनच्या टेबलावर एक काटा ठेवला की सगळ्यांच्या टोपल्या दोन मिनिटांत तपासून होतात.

दुकानात काय पाहायचं, ते फार अवघड नाही. पडताळणीचं प्रमाणपत्र दिसेल असं लावलेलं असायला हवं. काट्यावरच्या शिक्क्यात वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि तिमाहीसाठी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असतं. तीन-तीन महिन्यांच्या चार तिमाही. इलेक्ट्रॉनिक काट्याचा शिक्का वर्षापेक्षा जुना असेल तर त्याची मुदत संपली. माल ठेवण्याआधी शून्य. टोपली असेल तर आधी रिकामी टोपली. मनाजोगतं उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. कमी माल दिल्याबद्दल २००९ च्या कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. ती पंधरा रुपयांच्या भेंडीसाठी वापरायला लोक कचरतात, हे समजण्यासारखं आहे, पण काटा तर दिवसभरात शेकडो लोकांची भेंडी तोलत असतो.

आणि काट्याचीच परीक्षा घ्यायची असेल तर तपासायचं वजन आपल्या खिशातच असतं. दहा रुपयांचं अलीकडचं दोन धातूंचं नाणं सुमारे पावणेआठ ग्रॅमचं असतं. अशी तेरा नाणी मिळून शंभर ग्रॅमच्या अगदी जवळ जातात. पाच ग्रॅमच्या भागाचा काटा खरा असेल तर तेरा नाण्यांना तो १०० दाखवेल. एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली ठेवली तर हजार ग्रॅम पाणी, वर बाटलीचे काही ग्रॅम. जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्याला हे करून दाखवलं तर तो स्वतःच उत्सुकतेने वाकून आकडा बघतो. मोठ्या दुकानात मात्र नाणी हातात घेऊन आधी काटा कुठे आहे ते विचारावं लागतं.